ओल्या बाभळीतले खिळे

सर, आज सकाळी हार्डवेअरच्या दुकानात मी एका अनोळखी माणसाशी भांडून आले, आणि त्याला कारण तुम्ही आहात. धाराशिवच्या बसस्टँडमागं ते दुकान आहे, माझ्या वर्कशॉपचं सगळं सामान मी तिथंच भरते. माझ्या आधी एक जण उभा होता. म्हणाला, अर्धा किलो खिळे द्या. दुकानदारानं विचारलं, कुठले? तर म्हणे, कुठलेही द्या हो, खिळे ते खिळे. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मध्येच तोंड घातलं. कशात मारायचेत, फळी केवढी जाड आहे, वस्तू घरात राहणार का बाहेर. तो माणूस आधी माझ्याकडं आणि मग दुकानदाराकडं बघाय लागला. दुकानदार हसून म्हणाला, साहेब सांगून टाका, ताईंनी धरलंय म्हणजे सुटका नाही. शेवटी कळलं की कोंबड्यांचं खुराडं करायचंय, अंगणात, उन्हापावसात राहणारं, आणि हा गडी साधे लोखंडी खिळे घेऊन चालला होता. मी त्याला जस्त चढवलेले घ्यायला लावले. तो चिडलाच जरा, पण घेऊन गेला. बाहेर आल्यावर मला माझंच हसू आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानात उभी राहिले की माझ्या तोंडून तुम्हीच बोलता. घरी आले आणि जेवायच्या आधी लिहायलाच बसले.

आयटीआयमधला माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, मला आठवतो. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या म्हणून मी सुतारकामाला नाव लावलेलं, आणि वर्गात बघते तर सगळी पोरंच. मी दाराशी उभी, आत जावं का माघारी फिरावं. तुम्ही बुटके, रुंद, कानावर पेन्सिल, डोक्याला इतकं तेल की कपाळापर्यंत चकाकायचं. मला वाटलं, हा माणूस आता मला हापिसात परत धाडणार. तुम्ही म्हणालात, हात दाखव. मी तळहात पुढं केला. आमच्या बेंबळी गावच्या रानात खुरपून खुरपून पडलेले घट्टे तुम्ही अंगठ्यानं दाबून बघितले आणि पोरांकडं वळून म्हणालात, हिचं अर्धं शिक्षण झालंय, तुमचं बघा. बास, तेवढ्यावर मी आत आले. मग तुम्ही एक डबा उचलून जमिनीवर खिळ्यांचा ढीग ओतलात. लांब, आखूड, वाकडे, गंजलेले, बिनडोक्याचे, पत्र्यात मारायचे छत्रीच्या टोपीचे, सगळे एकात एक. म्हणालात, ज्वारी निवडता तसे निवडा. पुढं कितीतरी दिवस हातोडी आम्हाला दिसलीच नाही. पोरं कुरकुरायची, सुतारकी शिकायला आलो का भंगार निवडायला. मी मात्र खूष होते, कारण निवडण्याचं काम मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं.

खिळा हातात घ्यायच्या आधी तुम्ही लाकडाला हात लावायचात. फळी बोटांच्या चिमटीत धरून जाडी बघायची आणि खिळा तिच्या तिप्पट लांब घ्यायचा, एक हिस्सा वरच्या फळीत आणि दोन हिस्से खालच्या लाकडात. मग लाकूड कुठलं. आंबा मऊ, त्यात खिळा लोण्यात गेल्यागत जातो आणि तितक्याच लवकर सुटतो. सागवान गुणी. बाभूळ म्हणजे हट्टी सासू, तिला आधी गिरमिटानं भोक पाडून विचारायचं, मगच खिळा पुढं करायचा. फळीच्या कडेजवळ मारायचा असला तर खिळ्याचं टोक हातोडीनं ठेचून बोथट करायचं, हे ऐकलं तेव्हा मला वाटलं तुम्ही आमची फिरकी घेताय. तुम्ही दोन तुकडे घेतलेत. टोकदार खिळ्यानं एक तुकडा टर्रकन फुटला. बोथट खिळा दुसऱ्यात मुकाट्यानं गेला. टोक लाकडाच्या शिरा फाकवत जातं, बोथट त्यांना चिरडत जातं, असं म्हणून तुम्ही दोन्ही तुकडे आमच्या हातात दिलेत. आणि मारायच्या आधी प्रत्येक खिळा तुम्ही स्वतःच्या केसांतून फिरवायचात, तेल लागावं म्हणून. पोरं पाठीमागं हसायची. आता माझ्या बाकावर तेलाची वाटी असते, तरी घाईत असले की खिळा धरलेला हात आधी केसांकडंच जातो.

तुमच्या घरचा एक दिवस आहे. कसलीतरी मापं दाखवायला तुम्ही मला बोलावलं होतं. तुमच्या घरच्या बाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. कुणाच्या घरी गेलं की आधी उंबऱ्याशी थांबायचं, पुढचं त्यांनी म्हटलं तर, ही सवय आईनं लावलेली, आणि तिला तिच्या आईनं. तुम्ही आतनं म्हणालात, पाटावर बस. मी बसले. तुम्ही विचारलंत, टोचलं का कुठं? मी नाही म्हणाले. मग तुम्ही मला उठवून पाटावरून तळहात फिरवायला लावलात. एकसुद्धा डोकं हाताला लागेना. खिळे लाकडाच्या आत बुडवून वर मेण आणि भुसा भरलेला. तुम्ही म्हणालात, "पाटावर कोण येऊन बसंल ते करताना आपल्याला ठावं नसतंय. कुणालाच टोचता कामा न्हाय." एवढं बोलून तुम्ही माझ्या शेजारी जमिनीवरच मांडी घातलीत आणि बाईंनी दोघांना सारख्या ताटांत वाढलं. शेंगदाण्याची चटणी होती आणि वांगं. त्या दिवशी मी किती भाकरी खाल्ल्या ते बाई पुढं सगळ्यांना सांगत सुटल्या.

पण मला लिहायचंय ते त्या वैशाखी पौर्णिमेचं. आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धाची नवी मूर्ती येणार होती आणि तिच्यासाठी लाकडी आसन करायचं ठरलं. मंडळी म्हणाली, तुळजापुरातनं एखादा चांगला सुतार आणू. तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, उठून म्हणाले की माझी पोरगी शिकतीय, ती करंल. बोलून बसले खरे, पण घरी आल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. कारण घरात वेगळंच चाललेलं. चुलत्यानं सोलापूरचं एक स्थळ आणलं होतं, पोरगा नोकरीला, मागणी चांगली. पोरीची जात, करवत घेऊन काय करणार, असं सगळे नातेवाईक दादांना ऐकवत होते. दादा मला सुतारकीतनं काढायला तयार नव्हते आणि ठेवायलाही त्यांच्यात बळ उरलं नव्हतं. शेवटी एका सकाळी गोठ्यात शेण काढताना ते मला म्हणाले, "आसन नीट झालं तर म्या कुणाचंच ऐकत न्हाय. न्हाय झालं तर मात्र पुनवंनंतर सोलापूरला व्हय म्हणून कळवतो." रागानं नाही म्हणाले. मलाही ते वावगं वाटलं नाही. माझी सगळी सुतारकी त्या एका आसनावर येऊन थांबली एवढंच मला कळलं.

लाकूड आमच्याच बांधावरच्या बाभळीचं. होळीच्या सुमारास दादांनी झाड पाडलं, आरा मशीनवरून फळ्या काढून आणल्या. मी वर्गात तुम्हाला आमंत्रण दिलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की घरची बाभूळ आहे, औंदाच पाडलेली. तुम्ही रंधा मारता मारता थांबलात, माझ्याकडं बघितलंत आणि नुसतं "हं" केलंत. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल. मी सुट्टीत रात्रंदिवस राबले. पाय गुण्यात, अगदी काटकोनात बसले, भोकं पाडून खिळे मारले, एक फळी फुटू दिली नाही. गावातल्या दुकानातले साधे लोखंडी खिळे होते, चकचकीत. आदल्या दिवशी वरून पांढरा रंग दिला. आसन असं देखणं दिसत होतं की आई दोनदा उठून बघून आली. दादांनी चार जणांना बोलावून दाखवलं.

पौर्णिमेच्या सकाळी विहाराचं दार उघडलं आणि मी तिथंच बसले. प्रत्येक खिळ्याखाली काळी धार उतरली होती. पांढऱ्या रंगावर, काजळ ओघळावं तशी, एकेका डोक्यातनं खाली. ओल्या बाभळीचा रस आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, हे तुम्ही शिकवलेलं मला तिथं, त्या उंबऱ्यावर आठवलं. शेजारची म्हातारी आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, आसन रडतंय गं बाई. वाईट मनानं नाही म्हणाली, तिला दिसलं ते बोलली. पण ते वाक्य वस्तीभर झालं. मंडळी जमली. कुणी म्हणालं, वर चादर टाका. कुणी म्हणालं, शाळेतलं टेबल आणा. दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, घडी घातली, परत खांद्यावर टाकला. चुलते म्हणाले, मग मी आज सोलापूरला फोन लावतो, आणि दादांनी मान हलवली.

तेवढ्यात तुम्ही आलात, सर. कार्यक्रम संध्याकाळचा, आणि तुम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं. खांद्याला ती कापडी थैली. तुम्ही आसनाभोवती एक चक्कर मारलीत, एका ओघळाला थुंकी लावून बोट फिरवलंत, वास घेतलात. मी जमिनीत जायच्या बेतात होते. मी एवढंच विचारलं, सर, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणालात, सांगितलं होतं की, वर्गात, तवा तू खिडकीतनं बाहेर शेरडं बघत होतीस. त्या तशा वेळीसुद्धा मला हसू आलं. नंतर कितीदा तरी माझ्या मनात येतं, तुम्ही मला एका शब्दानं अडवू शकला असतात. मग आसन पांढरं राहिलं असतं आणि बाभूळ मला आयुष्यभर कळली नसती. तुम्ही मला चुकू दिलंत आणि चूक झाली तिथं वेळेवर हजर राहिलात. असं करायला छातीच लागते. मी आता शिकवते तेव्हा मला ते जमत नाही, मी आधीच ओरडते.

मग तुम्ही लिंबाच्या झाडाखाली बसून शांतपणे चहा प्यालात. दादांना विचारलंत, झाड किती जुनं होतं, बांध कुठला, पाणी कसं. म्हणालात, लाकूड लई भारी हाय, असली बाभूळ आता बघायला मिळत न्हाय. दादा आधी हूं हूं करत होते, मग झाडाचं सांगायला लागले. त्यांच्या वडिलांनी लावलेलं होतं ते. चहा संपला तसे तुम्ही उठलात, अंगातला शर्ट काढलात, घडी घालून म्हातारीच्या हातात दिलात आणि बनियनवर आसनाशेजारी जमिनीवर बैठक मारलीत. सगळी वस्ती बघतेय. मला वाटलं, आता सर दुरुस्त करतील आणि मी बाजूला उभी राहीन. तुम्ही माझ्याकडं मान वर करून बघितलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मिस्त्री, मी तुमचा बिगारी. सांगा, सुरुवात कुठनं करायची?"

सर, तुम्ही मला तोवर कधी अहोजाहो केलं नव्हतं. ए पोरी, नाहीतर ए बेंबळी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आयटीआयचा शिक्षक, आमच्या वस्तीत जमिनीवर बसून मला मिस्त्री म्हणतोय, आणि चेहऱ्यावर थट्टेचं नाव नाही. वस्तीतला कालवा थांबला. तुम्ही वाट बघत बसलात, अजिबात घाई न करता. शेवटी मी म्हणाले, आधी खिळे काढायचे. जंबुऱ्यानं. खाली लाकडाचा तुकडा धरून, फळीला डाग पडू नये म्हणून. तुम्ही जी म्हणालात आणि कामाला लागलात. मी सांगेन तो खिळा, मी सांगेन त्या क्रमानं. मग मी म्हणाले, रंग खरवडायचा, डागांवर लिंबू चोळायचं. लिंबू म्हटल्याबरोबर बायका घरोघर पळाल्या आणि ओच्यात लिंबं घेऊन आल्या. मघाशी चादर टाका म्हणणारीच पुढं बसून चोळाय लागली. डाग फिके झाले. उरले ते मी रंध्यानं काढले, आणि रंध्याखालून बाभळीचा तो तांबूस रंग वर आला तेव्हा मी ठरवलं की आता रंग लावायचाच नाही, नुसतं जवसाचं तेल द्यायचं. तुमच्याकडं बघून विचारणार होते, पण तुम्ही मुद्दाम मान खाली घालून खिळे वेचत होतात.

मग तुम्ही थैली सोडलीत. आत सगळे जस्त चढवलेले खिळे, लांबीप्रमाणं वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेले. म्हणजे वर्गात "हं" म्हणालात तेव्हाच तुम्ही हे ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत, मिस्त्री, सरळ मारायचे का तिरपे? मी म्हणाले, तिरपे, समोरासमोर, म्हणजे ओलं लाकूड वाळून आकसलं तरी फळी उचलणार नाही. तुम्ही विचारलंत, केवढा देऊ? मी सांगितलं. तुम्ही पुडी सोडून खिळा माझ्या हातावर ठेवलात, आणि मी मारला. एकेक करत सगळे मारले. दादा कधी येऊन फळीचं दुसरं टोक दाबून बसले ते मला कळलंही नाही. तेल पिऊन आसन उन्हात असं झळकलं की म्हातारी तुमचा शर्ट पोटाशी धरून भोवती फिरत होती.

संध्याकाळी मूर्ती बसली. आसन हललं नाही. वंदना झाली, खीर वाटली गेली. निघायच्या वेळी दादा तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले, मी मागं. चुलते जवळच उभे होते, हे दादांना माहीत होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं, "गुरुजी, हिचं अजून किती शिकायचं ऱ्हायलंय?" तुम्ही म्हणालात, "लई ऱ्हायलंय." दादा म्हणाले, "मग शिकवा." सोलापूरचा फोन त्यानंतर कुणी लावला नाही. माझं लग्न झालं ते पुढं, माझ्या मर्जीनं, आणि सासरी मी हातोडी घेऊनच गेले. तुम्ही गेलात तेव्हा मी मातीला आले होते, बायकांच्या मागं उभी होते. लोक तुमच्या शांत स्वभावाचं बोलत होते. मला तर तुम्ही कधीच शांत वाटला नाहीत. तुमच्या मनात सारखं काहीतरी शिजत असायचं. तुमच्याएवढा चतुर माणूस मी बघितला नाही आणि तुमच्याएवढा मायाळूही नाही, हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

वस्तीत ती गोष्ट अजून सांगतात. एवढा मोठा मास्तर, पण पोरीच्या हाताखाली राबला, तिनं मागितला तोच खिळा दिला, एकदासुद्धा स्वतःचं चालवलं नाही. दादा तर शेवटच्या आजारपणातसुद्धा आल्यागेल्याला हेच ऐकवायचे. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तुमच्या गावाला पोस्ट जात नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. तुम्ही केवढा देऊ विचारलंत तेव्हा मी घाबरून दोन इंची म्हणाले होते, आधी मारलेला तेवढाच. जुनी भोकं जंबुऱ्यानं सैल झालेली, त्यात दोन इंची धरणारच नव्हता, मूर्तीचं वजन आलं असतं आणि फळी उचकटली असती. तुम्ही "दोन इंची, बरं" असं मोठ्यानं म्हणालात आणि अडीच इंचीची पुडी सोडलीत. खिळा माझ्या तळहातावर ठेवून वर माझी बोटं मिटवलीत, कुणाला दिसू नये म्हणून. मी हे दादांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, आणि तुम्हालाही कधी दाखवलं नाही. पण मला तेव्हाच कळलं होतं, सर.